सत्तावीस नंबरचं झाड

तिने पुन्हा मोजलं. सात.

या जातीचं झाड दर वर्षी खोडाभोवती फांद्यांचं एकच वर्तुळ धरतं. कमी नाही, जास्त नाही. कॉलेजात ती हे याच सत्रात शिकली होती, म्हणून नाताळचं झाड सजवता सजवता गंमत म्हणून बोटाने मोजायला गेली. भिंतीवरच्या फोटोत बाबा याच झाडाला खेटून उभे होते. फोटो आठ वर्षांपूर्वीचा. त्यात वर्तुळं चार. चार अधिक आठ, बारा.

"मोजत काय बसलीस?" आई खिडकीपाशी जुन्या हिरव्या पडद्यांच्या भेटपिशव्या शिवत होती. "झाड आहे ते, उत्तरपत्रिका नाही. कुंडीत कापसाचा बर्फ पसर आणि मोकळी हो."

"आई, हे आपलं झाड नाहीये."

शिवणयंत्र थांबलं. "काहीतरीच! नंबर बघ की. सत्तावीस."

नंबर होता. पत्र्याचा बिल्लाही तोच, एका कोपऱ्यात चेपलेला. फक्त तो ज्या तारेने बांधला होता, ती तार कोरी करकरीत होती.

तोडलेलं झाड घरात आणायचं नाही आणि प्लॅस्टिकचं तर मुळीच नाही, हा बाबांचा हट्ट होता. म्हणून त्यांनी नर्सरीत जाऊन कुंडीतलं जिवंत झाड निवडलं. जानेवारीत परत द्यायचं, नर्सरीने वर्षभर सांभाळायचं, पुढच्या डिसेंबरात तेच झाड पुन्हा घरी. त्या वर्षी बाबांनी सगळा सणच तसा केला. भेटवस्तू कापडात बांधल्या, चांदणी जुन्या डब्याच्या पत्र्याची कापली. थर्माकोलला घरात बंदी होती, तर अकरा वर्षांच्या तिने स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणून कुंडीभर बर्फ पाडला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! बापापेक्षा लेक सवाई." फोटो त्याच संध्याकाळचा. फेब्रुवारीत बाबा गेले.

झाड मात्र येत राहिलं. दर डिसेंबरला आई आत गेली की ती फांद्यांत तोंड खुपसून वर्षभराच्या बातम्या सांगायची. पहिला नंबर आला. सायकलवरून पडले, आईला सांगितलं नाही. वनस्पतिशास्त्र घेतलं, बाबा. सात वर्षांचे डिसेंबर तिने असे सांगण्यात घालवले होते. आणि कुणाला सांगत होती ती? भलत्याच झाडांना.

तिने फोटो भिंतीवरून काढून पिशवीत घातला.

"कुठे निघालीस?" आई उठून दारापर्यंत आली. "हे बघ, सणासुदीला कुणाशी भांडण नको. राहू दे ना. झाड ते झाडच."

"बाबांचं झाड आहे ते! नर्सरीवाल्यांनी तुला डोळ्यांदेखत फसवलंय आणि तू त्यांचीच बाजू घेतेस."

आई दारातच उभी राहिली.

नर्सरीवाले काका माती चाळत बसले होते. तिने फोटो त्यांच्यासमोर धरला आणि नमस्कारही न करता विचारलं, "आमचं झाड कुठंय?"

"तुमच्याच घरी. परवा मीच तर पोचवलं."

"यात चार वर्तुळं आहेत, काका. आठ वर्षांनी सात कशी होतील? तुम्हीच सांगा."

काकांनी हात पुसले, फोटो घेतला, बराच वेळ पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. "हुशार झालीस गं पोरी."

"आणि तुम्ही लबाड! किती घरांना टोपी घातलीत अशी?"

"एकाच."

"म्हणजे?"

"बाकीच्यांची झाडं खरी आहेत. जा, एकेका घरी जाऊन मोज हवं तर."

ते उठले आणि आतल्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली दोरी घेऊन आले. दोरीला ओळीने आठ गाठी होत्या, प्रत्येक गाठ आधीच्या गाठीपासून वीतभर पुढे. "दर नोव्हेंबरला तुझी आई येते. या दोरीने मापून उंचीला जुळेल असं झाड निवडते. बिल्ला मी बांधतो."

दोरी हिरवी होती. ज्या पडद्यांच्या पिशव्या शिवल्या जात होत्या, त्याच पडद्यांची.

नर्सरीवाला परका माणूस, त्याच्यावर ओरडता तरी आलं. पण आई? झाड किती ओळखीचं दिसतंय, असं दर वर्षी म्हणणारी आई? बाबांनी निवडलेली एकच जिवंत गोष्ट मागे उरली होती आणि तीही या दोघांनी दोरीने मापून, बिल्ला अडकवून खोटी केली होती.

"आमचं खरं झाड कुठे गेलं?"

"मेलं. पहिल्याच जानेवारीत परत आलं, तेव्हाच टोकं करपलेली होती. फेब्रुवारीत गेलं, तुझे बाबा गेले त्याच आठवड्यात. तुझ्या आईला बोलावून कुंडी दाखवली. ती एवढंच म्हणाली, पोरीला कधीच कळता कामा नये."

"मला? मलाच का? झाडं मरतात, काका, एवढं कळत होतं मला. काय झालं होतं त्याला?"

"जाऊ दे ना आता. तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"मी वनस्पतिशास्त्र शिकते. मुळं सडली होती? कीड होती? काय होतं कुंडीत?"

काकांनी फोटो तिच्या हातात परत दिला. फोटोतल्या कुंडीवर बोट ठेवून.

"मीठ."