नेट बंद

विहाराच्या हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरवरून लॅपटॉपच्या स्क्रीनचं चित्र उमटलं आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पुढे टेबलाशी मोनाली बसली होती. रुपेश सर मागे, दाराजवळ उभे होते. नाचणगावात कॉम्प्युटर म्हटलं की रुपेश सर. मोनालीला माउस धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. आज मात्र समितीचे अध्यक्ष वासुदेवराव तिची ओळख करून देताना 'आपल्या गावची शान' म्हणाले होते. सरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"दवाखान्याचा रिपोर्ट इंग्रजीत असते," मोनाली सांगत होती. "त्याचा फोटो इथं ब्राउझरमध्ये टाकाचा. हे एआय मॉडेल साध्या मराठीत समजावून सांगते."

पहिल्या रांगेतल्या जिजाबाईंनी पिशवीतून आपला रिपोर्ट काढला.

"नका देऊ, आजी," सर मागून बोलले. "हे सारं नेटवर जाते. तुमचं दुखणं उद्या कोणाच्या मोबाइलवर दिसन, काई भरोसा नाई."

कुजबुज झाली. जिजाबाईंनी कागद परत पिशवीत सारला.

"नाई, सर," मोनाली म्हणाली. "हे मॉडेल एकदा ब्राउझरमध्ये उतरवलं का याच लॅपटॉपात चालते. कुठंच काई जात नाई. फोनवर सांगतलं होतं न मी तुम्हाले."

सांगितलं होतं. पण तेव्हा सरांना तिच्या आवाजातला आनंद तेवढा ऐकू आला होता, आणि तोच सहन झाला नव्हता. आताही त्यांना ती थाप वाटली. एवढं काम त्या जुन्या लॅपटॉपात मावणारच नाही.

"माह्या आईचा रिपोर्ट टाकते," मोनाली म्हणाली.

भिंतीवर हळूहळू शब्द उमटू लागले. 'तुमच्या रक्तात लोह कमी आहे. त्यामुळे थकवा येऊ शकतो...' बायका पुढे सरकून वाचू लागल्या. वाचता न येणाऱ्यांना शेजारच्या वाचून दाखवू लागल्या.

सरांचा हात मागे विजेच्या बोर्डाकडे गेला. एक बटण बंद झालं. वायफायच्या डब्यावरचे हिरवे दिवे विझले. आता ते शब्द थांबण्याची वाट पाहू लागले.

शब्द थांबले नाहीत. 'गोळ्या किती दिवस घ्यायच्या, ते डॉक्टरांना विचारा.' खाली आणखी एक ओळ आली. मग आणखी एक.

"अरे, नेट तं गेलं!" कोणीतरी ओरडलं. "तरी चालून राह्यलं!"

वासुदेवराव मागे वळले. "बंद कोणं केलं?"

सरांचं बोट अजून बटणावरच होतं. मोनालीने त्या बोटाकडे पाहिलं.

"सरांनी," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, मधातच बंद करजा. लोकायले पटन."

"वा, सर!" वासुदेवरावांनी टाळी वाजवली. मग हॉलभर टाळ्या झाल्या. सरांना हसावं लागलं. जिजाबाई रिपोर्ट घेऊन टेबलाकडे निघाल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मोनाली वायर गुंडाळत होती. सर तिच्याजवळ आले.

"खोटं काऊन बोलली?" त्यांनी हळूच विचारलं.

"खोटं कुठं, सर?" तिने मान वर केली नाही. "मुद्दामच बंद केलं न तुम्ही?"