चांदण्यांचं दुपटं

"हे दुसरं बाळ तुमच्या ओटीत घालीन, ताई," धाकटी जाऊ मागच्या वर्षी म्हणाली होती. रिकाम्या कुशीच्या कुमुदनं त्या शब्दावर क्रोशाची सुई हाती धरली. टोपरं झालं, पायमोजे झाले, चांदण्यांचं दुपटं झालं.

बारशाला त्याच दुपट्यातलं बाळ पाळण्याखालून तिच्या हाती आलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" बायका म्हणत होत्या. पाळण्यावरून ते परत द्यायचं असतं, पण कुमुदनं उराशी धरलं ते धरलंच.

"द्या ना, ताई," जाऊ नजर चुकवत म्हणाली. "ते आमच्याकडंच राहणार आहे."

कुमुदनं दारातल्या नवऱ्याकडं पाहिलं. तो दचकलासुद्धा नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाचव्या महिन्यापासून," तो म्हणाला. "पण विणताना तू गुणगुणायला लागली होतीस गं. मला सांगवेना."