तळ्यातला घोडा

"घोडाबिडा काही नाही!" होडी काठाला लागायच्या आधीच नावाडी ओरडला. "सगळा तळ चाळून काढला. घोडा सोडाच, त्याची शेपटीसुद्धा नाही!"

काठावर त्याची लेक वाट बघत होती. पोहण्यात तरबेज, पण कमरेएवढ्या पाण्यापलीकडे तिला आजवर कुणी जाऊ दिलं नव्हतं. तिनं जागच्या जागी उडीच मारली. तिच्यामागे नावाड्याची आई वल्ह्याला तेल चोळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

या घोड्यानं नावाड्याच्या डोक्याला उभा जन्म ताप दिला होता. तो म्हणे काळ्या खडकापाशी राहतो. त्याची आयाळ लांब, हिरवी. पायाला वेढा घालते ती सोडत नाही. श्वास तर असा गार की अंग आखडतं. नावाडी रांगत होता तेव्हा त्याचा थोरला भाऊ त्या खडकापाशी बुडाला. घोड्यानं ओढला, असं आई सांगायची. एकदा नव्हे, गावातल्या पोराटोरांना धरून धरून सांगायची. मोठी माणसं पाठीमागे तिची टिंगल करायची आणि ते नावाड्याच्या जिव्हारी लागायचं. आपली आई अशी कशी भोळसट, असं त्याला वाटायचं. म्हणून तर यंत्र घेऊन तळ्याची पाहणी करणारे आले, तेव्हा त्यानं हौसेनं आपली होडी पुढे केली.

"पाहणीवाल्या बाई म्हणाल्या, देशोदेशी असलं काही ना काही असतंच," तो आता आईला समजावू लागला. "कुठे घोडा, कुठे हिरव्या केसांची म्हातारी, कुठे पाठीवर कवच असलेलं माकड. जिथं खोल पाणी, तिथं असली गोष्ट. आणि आपल्या खडकापाशी काय निघालं, सांगू? दोन पावलांवर एकदम खोल, खाली माणसाहून उंच पाणगवत आणि तळातून येणारं गारेगार पाणी. बस्स! एवढ्यासाठी गावातली सगळी पोरं टरकून होती!"

"मग मी जाऊ खडकापर्यंत?" लेकीनं विचारलं. चपला काढूनही झाल्या होत्या.

"जा की! खुशाल जा. आता कोण अडवतंय?"

म्हातारीनं वल्हं टाकलं आणि नातीचं मनगट असं आवळलं, की पोर कळवळली.

"आई, पुरे झालं हं आता!" नावाडी भडकला. "यंत्र खोटं बोलतं का? घोडा नाही म्हणजे नाही!"

म्हातारीनं नातीला प्यायचं पाणी आणायला घरात पिटाळलं. ती दाराआड होईपर्यंत थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या थोरल्या भावाला मी खरं तेच सांगितलं होतं रे. खडकापाशी एकदम खोल आहे, गवत आहे, खालून गार पाणी येतं, जाऊ नकोस. तो हसला आणि गेला."

नावाड्यानं वाकून लेकीच्या चपला उचलल्या.

"गवताला पोरं भीत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून मग मी तळ्यात घोडा सोडला."