स्वतंत्र पुरावा

"इतिहास कागदात नसतो, लोकांच्या तोंडात असतो," असं अनुपमाचे गाईड सर चार वर्षांपूर्वी म्हणाले, तेव्हा त्यांच्या तोंडात बटाटेवडा होता.

म्हणून अनुपमा आज बाविसाव्यांदा आंबेनळी घाटाच्या वरच्या वाडीत, हैबतीबाबांच्या ओटीवर बसली होती. सोमवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा. बाबांसाठी तिने प्रबंधाची एक प्रत आणली होती. काळी कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं.

घाटातून मीठ बायकाच वाहत आणि त्यांची वाट वेगळी होती, असं सरांनी तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या प्रबंधात मांडलं होतं. पुरावा कुठाय, असं लोक तेव्हापासून विचारत होते. तो अनुपमाला सापडला. हैबतीबाबांच्या घरात ही हकीकत पाच पिढ्या तोंडी चालत आली होती आणि सरांच्या मांडणीशी शब्दाशब्दाला जुळत होती. इतिहासवाले खूश झाले. लोकसाहित्यवाले तर फारच.

"शेवटचं एकदा सांगा, बाबा. पहिल्या तांड्यात बाया किती होत्या?"

बाबांनी डोळे मिटले. उघडले. परत मिटले. मग घरात तोंड करून ओरडले, "शर्मिला, पयल्या तांड्यात बाया किती गो?"

आतून पानं उलटल्याचा आवाज आला.

"सतरा!" सून म्हणाली. "पन खाली बारीक अक्षरात एकोनीस बी लिवलंय."

"बारीक नाय वाचायचं."

अनुपमा आत गेली. शर्मिलाच्या मांडीवर सरांचा प्रबंध उघडा होता. तिने पहिलं पान उलटून पाहिलं. त्यावर लाल शाईत ओळ होती: 'हैबतीबाबांस. मुलगी येईल. यातलेच सांगावे.'

अक्षर ओळखीचं होतं. त्याच लाल शाईत तिच्या चौथ्या प्रकरणाच्या समासात लिहिलेलं होतं: 'स्वतंत्र पुरावा. अमूल्य!'

ती ओटीवर परत आली. उभीच राहिली.

"बाबा, तुमच्या आजीने सांगितलेलं ते?"

"आजी? ती मीठ पोलादपूरच्या दुकानातनं आणायची."

"मग मला हे कधी का नाही सांगितलंत?"

"तू कधी इचारलंस? तू इचारायचीस बायांची वाट. सर बोलले, पोरीची परीक्षा हाय. चार वर्सं तू यायच्या आदल्या दिशी शर्मिलाकडनं वाचून घेतलंय. एक शब्द इकडचा तिकडं केला नाय." बाबांचा ऊर भरून आला होता.

बाबांच्या सहीसाठी आणलेला संमतीचा फॉर्म अनुपमाने घडी घालून पिशवीत ठेवला. बाबांनी तिची प्रत उचलली, कपाळाला लावली, दोन-चार पानं डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि सुनेच्या हातात दिली.

"पुढच्या पोरीला आता यातलं सांगतो. तेवढं एक कर गो. दुसरी प्रत असली तर जरा मोठ्या अक्षरातली दे. शर्मिलाला चष्मा लागलाय."