चालून दाखव

चार पावलं चालली की सुलेखाला पडेगावात पक्कं घर, घरात नळ आणि शेंद्र्याच्या कारखान्यात कायम झालेला नवरा मिळणार होता. वर सासू नाही. तो नफा वेगळाच. इतक्या स्वस्तात इतका माल करमाडच्या बाजारात आजवर कुणाच्या पदरात पडला नसेल. गोठ्यापासून ओट्यापर्यंत चालत जायचं, बस्स. शिवाय मुलाचा फोटो मोबाइलवर बघून तिनं स्वतःच होकार कळवला होता.

तरी सुलेखा उठली नाही.

अंगणात दगडावर बसून तिनं शेळीचा पुढचा पाय दुमडून गुडघ्यात धरला होता. मोसंबीच्या छाटणीची कात्री घेऊन ती वाढलेला खूर कापत होती. पावसाळाभर चिखलात राहून खुराच्या कडा आत वळल्या होत्या. समोर थोरली बहीण सरू बसली होती, शेळीची मान कवेत घट्ट धरून.

पाहुणे दुपारी येणार होते. आले सकाळीच. ही मुलाच्या मामाची युक्ती. न सांगता गेलं की घर खरं दिसतं, असं त्याचं म्हणणं. सोयरीक जुळली तर त्याला फेटा मिळणार होता, आणि मोडली तर 'मी वेळीच ओळखलं' हे सांगत फिरायचा मान. त्याचा तोटा कुठंच नव्हता. या खेपेला तो एक गोष्ट ऐकून आला होता : या घरातली एक पोरगी लंगडते. कोणती, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून 'जयभीम' झाल्या झाल्या, पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत तो म्हणाला, "पोरी, जरा चालून दाखव."

"ऊठ की गं," आई, लीलाबाई, दारातून दबक्या आवाजात म्हणाली. "काय धाड भरली तुला?"

सुलेखानं खुराची आणखी एक कड उडवली. "मामा, चालवून काय कळत नाय. बेपारी आदल्या दिशी खुरं कापून आणतो. मग लंगडी शेळीबी बाजारात धड चालती."

"मग कळतं कसं?" हे विचारलं नवऱ्या मुलानं, इंद्रजीतनं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मामानं त्याच्याकडं असं पाहिलं, की पुढचा प्रश्न त्याच्या तोंडातच राहिला.

"पाय हातात घेऊन बघावा लागतो." सुलेखानं शेळीचा पाय सोडला आणि स्वतःचा पुढं केला. घोट्यापर्यंत लेंड्यांनी आणि चिखलानं माखलेला. "घ्या. धरा."

मामा दोन पावलं मागं सरला. सकाळपासून त्या अंगणात चालून दाखवणारा तो पहिलाच.

इंद्रजीतला हसू फुटलं. सुलेखानं ते पाहिलं. हसू चांगलं होतं. पडेगावचा नळ तिच्या मनात क्षणभर वाहिलासुद्धा.

"वडीलधाऱ्या माणसाला पाय दाखवती?" मामा ओरडला.

"बघायला तुमीच मागितला."

"शेवटचं इचारतो. चालतीस का नाय?"

"नाय."

मामा वळला. इंद्रजीत फाटकापाशी घुटमळला, त्यानं मागं पाहिलंही. पण गाडीची किल्ली मामाकडं होती. गाडीचा आवाज सडकेला लागला तशी लीलाबाईनं चहाचं आधण चुलीवरून उतरवलं आणि अंगणात ओतून दिलं.

"येडी का खुळी गं तू?" सरू शेळीच्या मानेआडून म्हणाली. "चार पावलं चालली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"माझं काय नसतं गेलं," सुलेखा म्हणाली. "जा, दुसरी शेळी आण."

सरू उठली. डावा पाय ओढत, कुडाचा आधार घेत गोठ्याकडं निघाली. तिला बघायला आलेल्या एकूण एक पाहुण्यानं याच अंगणात तिला चालायला लावलं होतं, आणि चहा पिऊन 'कळवतो' म्हणत वाट धरली होती. त्या प्रत्येक वेळची किंमत तिनं एकटीनं भरली होती. आजची सुलेखानं भरली.