नावातला प

"मॅडम, पुस्तकावरून तुमचं नाव काढावं लागेल," सुरतेहून नवनीत फोनवर म्हणाला.

शहाद्याच्या आपल्या दवाखान्यात डॉ. हेमांगी पाटील हातमोजे काढत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला. बाकावर तिचे वडील प्रेमचंद चहा घेत होते. केळीचा ट्रक भरून दिला की घरी जाताना ते इथे टेकायचे.

हेमांगीने मस्कतला बरीच वर्षं दातांची डॉक्टर म्हणून काढली होती, अरबीही तिथेच शिकली होती. म्हणून तर भाषांतराची कामं घेणाऱ्या नवनीतने तिकडच्या प्रकाशकासाठी तिच्याकडून दंतशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक अरबीत करून घेतलं होतं. उद्या ते छपाईला जायचं होतं.

"काम चुकलंय का?"

"छे छे! काम नंबर एक. पण अरबीत प नाही ना. पाटीलचं होतं बातील. आणि बातिल म्हणजे खोटं, रद्द. तिकडची पोरं हसतील, असं तिथले संपादक म्हणतात. आपण नुसतं 'संपादक मंडळ' टाकू."

दाताच्या आतल्या मज्जेला लुब्ब, वरच्या भागाला ताज, असे अरबी शब्द हेमांगीने शोधून घातले होते. इंग्रजी शब्दच राहू द्या म्हणणाऱ्या याच संपादकांशी ती शब्दाशब्दासाठी भांडली होती.

"काय म्हनी ऱ्हायना तो?" प्रेमचंदांनी विचारलं.

"आपलं पाटील त्यास्ना भाषामा बसत नही म्हने, आबा."

प्रेमचंदांनी कप खाली ठेवला. "इतला दात बसाडात तू त्यास्ना भाषामा. आपला एक प बसत नही?"

हेमांगी फोनजवळ वाकली.

"नवनीतभाई, माझं नाव गाळायचं तर माझे शब्दही गाळा. पानं कोरी छापा."

"मॅडम, उद्या छपाई आहे!"

"म्हणून तर आत्ता सांगतेय."

"अहो, पण प आणू कुठून?"

"ब च्या खाली एक ठिपका असतो. परक्या नावांसाठी तिथे तीन देतात. त्यांना हे माहीत आहे. द्यायचे नाहीत, एवढंच."



"बरं. लिहून फोटो पाठवा," नवनीत शेवटी म्हणाला. "तसंच छापायला लावतो."

तिने एक्स-रेचं रिकामं पाकीट ओढलं आणि उजवीकडून डावीकडे नाव लिहिलं. ब च्या खाली एक ठिपका दिला. मग पेन दाबून आणखी दोन.