कानातला बिल्ला

विमावाल्याने गौरीच्या कानात बिल्ला ठोकायला पक्कड उघडली, तेव्हा शेवंताबाईने विचारलं, "आणि गाय मेली तर?"

"मग पैसे मिळतील, मावशी. बिल्ला तेवढा जमा करायचा. तो निघत नाही, म्हणून लोक कानासकट कापून आणतात."

नवऱ्याने गाईची मान आणखी घट्ट धरली. "तूबी धर गं. हप्ता काय लई नाही."

गौरीची आई विताना मेली, तेव्हा शेवंताबाईनेच तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. अजूनही तिची हाक आली की आधी गौरीचे कान वळायचे, मग मान.

शेवंताबाईने दावं सोडून गाईला गोठ्यात हाकललं. डोईवरचा पदर मागे सारला आणि स्वतःचा कान विमावाल्यापुढे केला.

"हप्ता भरायचाच असंल तर हितं ठोका. मी मेल्यावर हे आणून देतील कापून."